लहानथोरांस यथायोग्य

पूर्वी घरोघर पोस्टकार्डं येत, तेव्हा त्यांचा शेवट ठरलेला असे. आईला शिरसाष्टांग नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद, इथपर्यंत लिहिता लिहिता लिहिणाऱ्याची ताकद आणि कार्डावरची जागा दोन्ही एकदमच संपत. मग उरलेल्या अर्ध्या बोटाच्या पट्टीत 'घरातील सर्व लहानथोरांस यथायोग्य' एवढं कोंबून तो मोकळा होई. आता हे 'यथायोग्य' म्हणजे काय, तर नमस्काराचं आणि आशीर्वादाचं एक मिश्र गाठोडं. ते सोडून ज्याचं त्याला वाटून देण्याचं काम पत्र घेणाऱ्यानं करायचं. आमच्या घरी एक आत्याबाई होत्या. वयानं आईपेक्षा लहान, मानानं मोठ्या. प्रत्येक पत्रानंतर त्या विचारीत, "मला काय आलंय?" आणि आई काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघरात जाई. पत्र पाठवणारा तिकडे सोलापुरात पाय पसरून झोपलेला असे.

मला वाटतं, मराठी भाषेत 'सर्व' या शब्दाइतका अंगचोर शब्द दुसरा नसेल. सोसायटीच्या फळ्यावर 'सर्व सभासदांनी नोंद घ्यावी' असं लिहिलं की एकही सभासद नोंद घेत नाही, हे कोणत्याही सेक्रेटरीला विचारा. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' असतं. पण परिवार म्हणजे किती पानं, हे यजमानही सांगत नाही आणि पाहुणाही विचारत नाही. शोकसभेत एक गृहस्थ 'आपल्या सर्वांच्या वतीनं' श्रद्धांजली वाहतात, त्या वेळी त्या सर्वांतले निम्मे घड्याळाकडे पाहत असतात. आणि 'माझ्या हातून कळत-नकळत कुणी दुखावलं गेलं असेल तर मी सर्वांची माफी मागतो' असं निरोप-समारंभात सांगणारा अधिकारी तर मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्या एका कारकुनाची माफी मागायला हवी होती, तो पहिल्याच रांगेत समोसा खात बसला होता.

तेव्हा प्रश्न असा की, पुष्कळांचं एकदम काही करायचं झालं, मग ते भलं असो की वाईट, तर त्यातल्या एकेकाचं आपण काही देणं लागतो का? की 'सर्व' म्हटलं की देणं फिटलं? हा प्रश्न माझ्यासारख्या पेन्शनराला दुपारच्या झोपेआधी पडायला काहीच हरकत नाही. पण तो मला पडला नव्हता. तो पडला एका संगणकाला, सांगलीत, दादाच्या घरी.

आमचा दादा पाटबंधारे खात्यात होता. आयुष्यभर त्यानं पावसाचे मिलिमीटर आणि पाण्याचे फूट वहीत उतरवले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊ लागतात. दादा गॅलरीत जाऊ लागला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला, तेव्हा पाणी गल्लीत नेमकं किती वाजता शिरलं यावरून शेजाऱ्यात आणि त्याच्यात वाद झाला. शेजारी म्हणाले पहाटे चार, दादा म्हणाला पावणेतीन. घरात कमरेइतकं पाणी असताना माणसानं हा वाद घालावा, म्हणजे खात्यात त्याची नोकरी किती मुरली होती ते पाहा. पुरावा कुणाकडेच नव्हता. तेव्हा दादानं मनाशी काहीतरी ठरवलं, आणि २०२० च्या पहिल्या तारखेपासून गॅलरीच्या कठड्याला एक कॅमेरा बसवला. दर पाच मिनिटांनी गल्लीचा एक फोटो. तासाला बारा, दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक फोटोचं नाव म्हणजे त्याची तारीख आणि वेळ, दुसरं काही नाही. पुढच्या पुराला वादच नको.

पुढचा पूर २०२१ च्या जुलैत आला. दादाजवळ पुरावा जमला. पण शेजारी तोवर वारले होते.

दादा २०२२ च्या नोव्हेंबरअखेर गेला. गडबडीत कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि तो आपला दर पाच मिनिटांनी गल्ली टिपत राहिला. भेटायला येणारे, डबे आणणारे, भटजी, सगळे. तेराव्या दिवशी वहिनींच्या ध्यानात आलं आणि त्यांनी बटण बंद केलं. म्हणजे दादाला घरातून नेलं त्या वेळचाही फोटो त्यात आहे. तो किती वाजताचा ते मला ठाऊक आहे, वहिनींना ठाऊक आहे. आम्ही कुणी तो उघडलेला नाही.

पुढं दादाच्या संगणकाची डिस्क 'कट् कट्' असा आवाज करू लागली. पुतण्या पुण्याला याच धंद्यात आहे. तो नवी डिस्क घेऊन आला आणि मला म्हणाला, "काका, दोन तासांचं काम आहे, तुम्ही नुसते बसा." नुसतं बसण्याच्या कामाला मी नाही म्हणत नाही. मिरजेहून सांगली ती काय लांब!

आता तुम्ही म्हणाल, अख्खं फोल्डरच उचलून दुसरीकडे ठेवायचं की. बरोबर आहे, ट्रंक न उघडता हमालाच्या डोक्यावर दिली तर एका खेपेत काम होतं. पण दादानं त्याच फोल्डरात घराचे उतारे, लाइटची बिलं, आईची पत्रं आणि आमचे लहानपणचे फोटो असं सगळं कोंबून ठेवलं होतं. पुतण्याचा बेत असा की, आधी गल्लीचे फोटो बाजूला काढायचे, मग दोन्ही गाठोडी नव्या डिस्कवर न्यायची. माउसनं धरून ओढण्याचा प्रयत्न त्यानं केला. खिडकी गोठली, आणि आमचा चहा झाला तरी गोठलेलीच. तेव्हा त्यानं काळा पडदा उघडला. या पडद्यावर चित्रं नसतात, बटणं नसतात. हुकूम टाइप करायचा आणि तो पाळला जाण्याची वाट पाहायची. नवऱ्याच्या हाती घरात जी सत्ता कधीच नसते, ती इथं पुरी असते. पुतण्यानं 'एमव्ही' लिहिलं, म्हणजे हलवा. मग तारखेची सुरुवात लिहून एक चांदणी काढली, म्हणजे असे जितके असतील तितके सर्व. आणि मग कुठं न्यायचे ती जागा. बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली. आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे यादी फार लांब आहे, काका."

"पण तू यादी दिलीस कुठं? तू तर नुसती चांदणी काढलीस!"

यावर त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मला त्या यंत्राविषयी एकदम आदर वाटू लागला. एमव्ही नावाच्या त्या हमालाला चांदणी मुळी कळतच नाही. त्याला 'सर्व' हा शब्दच कुणी शिकवलेला नाही. आपण आणि तो यांच्यामध्ये एक मुनीम बसलेला असतो, त्याला शेल म्हणतात. आपण 'सर्व' म्हटलं की हा मुनीम फोल्डर उघडतो, आत कोण कोण आहे ते पाहतो आणि चांदणीच्या जागी एकेकाचं नाव लिहून काढतो. अमुक, तमुक, फलाणा, बिस्ताणा, एकालाही न वगळता. ही पूर्ण यादी मग हमालाच्या हातात जाते. १९७१ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स बाळसं धरत होतं, तेव्हा या एका कामासाठी 'ग्लॉब' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. ग्लॉब म्हणजे ग्लोबल, म्हणजे पुन्हा सर्वच! केन थॉम्सन आणि डेनिस रिची या जोडीला आमच्या सोलापूरच्या पत्रलेखकाची माहिती असण्याचं कारण नाही, पण त्यांनी त्याच्यावर बरोबर उपाय काढून ठेवला होता. 'यथायोग्य' चालायचं नाही. कुणाकुणाला, ते नावानिशी सांगा.

आणि नावानिशी सांगायचं तर जागा लागते. नवा प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती द्यायची यादी स्मृतीच्या एका ठरावीक कप्प्यात मावावी लागते. युनिक्सच्या प्रमाण नियमांत हा कप्पा निदान ४,०९६ अक्षरांचा असावा असं म्हटलंय. म्हणजे साधारण एका मध्यमवर्गीय लग्नाची यादी. लिनक्समध्ये २००७ पर्यंत तो १,३१,०७२ चा असे, त्या वर्षी नियम सैल झाला आणि आता बहुतेक यंत्रांवर २०,९७,१५२ अक्षरं मावतात. दादाचे फोटो होते तीन लाख चार हजार दोनशे अकरा. एकेक नाव एकोणीस अक्षरांचं, संपल्याची खूण धरून वीस. म्हणजे साठ लाखांच्या वर नुसती नावं झाली! मुनिमानं यादी इमानदारीनं लिहून काढली, दारावरच्या पहारेकऱ्यानं ती पाहिली आणि हात जोडले. त्यानं अर्धे आत घेऊन बाकीच्यांना 'वगैरे' म्हटलं नाही, हे माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कोणत्याही समितीनं तेच केलं असतं.

यावर उपाय आहे, आणि तो उपाय पाहून तर मला तो मराठी माणसानंच शोधला असावा असं वाटलं. तो म्हणजे पंगत. हॉल दोनशे पानांचा आणि माणसं दीड हजार, तर आपण काय करतो? पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत. 'फाइंड' नावाचा एक प्रोग्राम दाराशी उभा राहून आलेल्यांची नावं एकेक करून पुकारतो. 'एक्सआर्ग्ज' नावाचा दुसरा ती ऐकत ऐकत पाटांची रांग भरतो. रांग भरली की एमव्हीला म्हणतो, वाढा. ती उठली की पुढची. हा एक्सआर्ग्जही १९७० च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्येच जन्मला. पंगतीशिवाय दुसरीही एक पद्धत आहे, ती म्हणजे प्रत्येक पाहुण्यासाठी नवा आचारी बोलवायचा, चूल पेटवायची, त्याला जेवू घालायचं, चूल विझवायची आणि आचाऱ्याला घरी पाठवायचं. तीही चालते, कुणाचा अपमान होत नाही. पण तीन लाख वेळा चूल पेटवायची म्हणजे यजमानाचा दिवस जातो.

पंगतीतही एक गोम आहे. एक्सआर्ग्ज मुळात नावं ओळखतो ती मधल्या मोकळ्या जागेवरून. दादानं एका जुन्या फोटोला 'आई दादा गणपती' असं नाव दिलं होतं. वाढप्याच्या समजुतीप्रमाणे ही तीन माणसं झाली. तो आईला शोधतो, दादाला शोधतो, गणपतीला शोधतो, आणि तिघंही हजर नाहीत म्हणून तक्रार करतो. त्यासाठी नावांच्या मध्ये मोकळी जागा न सोडता एक शून्य-चिन्ह ठेवायला सांगतात. कारण युनिक्समध्ये फाइलच्या नावात जगातलं कोणतंही चिन्ह घालता येतं, फक्त दोन वर्ज्य: तिरकी रेघ आणि हे शून्य. हाक मारताना दोन नावांच्या मध्ये थांबायला ज्याला शून्याइतकीही उसंत नाही, त्याच्या हाकेला कोण ओ देणार? सरकारी दवाखान्यात बाहेर बसून पाहा.

याहून वाईट प्रकार दोन सारख्या नावांचा. आमच्याकडे आजोबांचं नाव तीन नातवांना आहे, त्यामुळे दिवाळीत ओवाळताना थोडा घोटाळा होतो, पण जीव कुणाचा जात नाही. इथं जातो. नव्या जागी त्याच नावाची फाइल आधीच असेल तर एमव्ही तिच्या जागी नवी आणून बसवतो, आणि तेही मुकाट्यानं. युनिक्सचा स्वभावच असा की काम झालं तर बोलायचं नाही. इकडील सर्व कुशल आहे, हे त्याच्या गप्प बसण्यावरून ओळखायचं. दादाच्या दोन जुन्या कॅमेऱ्यांनी आपापली मोजणी एकपासून सुरू केलेली, म्हणून तिथं नावांच्या जोड्याच जोड्या होत्या. पुतण्या जाणता, त्यानं 'असलेल्याला धक्का लावू नकोस' असं हुकमातच बजावून ठेवलं. हे बजावावं लागतं, आपोआप होत नाही, हे मला खटकलं. पण मग वाटलं, माणसाला तरी ते कुठं आपोआप येतं?

एवढी तयारी झाल्यावर पहिला टप्पा, म्हणजे गल्लीचे फोटो त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरात काढणं, दुसरा चहा कपात पडायच्या आत संपला. तीन लाख फोटो हलले! मी चकित झालो. पुतण्या म्हणाला, "काका, काहीच हललं नाही." फोटो डिस्कवर जिथं होता तिथंच आहे. त्याची खरी ओळख म्हणजे एक नंबर, त्याला आयनोड म्हणतात. नाव ही फोल्डरच्या रजिस्टरातली नुसती नोंद. एका रजिस्टरातली नोंद खोडली, दुसऱ्यात लिहिली, की झालं हलवणं. म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार. मालकाचं नाव बदलतं, जमिनीला पत्ता नसतो.

वहिनी मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव तांदळात लिहून बदललं, तसं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मी मात्र हलले हो. कऱ्हाडहून."

दुसरा टप्पा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नेण्याचा. इथं फेरफार चालत नाही, कारण रजिस्टर वेगळं आणि जमीनही वेगळी. तेव्हा एमव्ही काय करतो? फोटोची हुबेहूब नक्कल नव्या जागी तयार करतो आणि जुना पुसून टाकतो. याला तो 'हलवलं' म्हणतो! एकाच शब्दाखाली दोन कामं. एकात काहीच हलत नाही, आणि दुसऱ्यात जे होतं ते नाहीसं होऊन त्याच्यासारखं दुसरं उभं राहतं. नेहमीच्या अर्थानं हलणं, म्हणजे तीच वस्तू इथून उचलून तिथं ठेवणं, यातलं कुठंच नाही. मी पुतण्याला विचारलं, "मग नव्या डिस्कवर असतील ते दादानं काढलेले फोटो का?" तो म्हणाला, "बिट न् बिट तेच." मी म्हटलं, "तेच की तसेच?" तो म्हणाला, "काका, फरक काय?" फरक मला सांगता आला नाही, आजही येत नाही. आईच्या हातची चव तिच्या कृतीनं केलेल्या आमटीत उतरली तर ती आमटी आईची म्हणायची की नाही, यावर मी अनेक वर्षं घरात मत दिलेलं नाही आणि त्यामुळे सुखात आहे.

पण वहिनींना फरक कळला. त्यांनी विचारलं, "म्हणजे इथले पुसणार?"

"आई, तिथं पोचल्यावरच पुसतं."

"ते पोचू देत. इथले राहू देत."

"डिस्क मरायला टेकलीय, आई."

"मग मरू दे. आपण मारायची नाही."

यावर संगणकशास्त्रात उत्तर नसावं, कारण पुतण्यानं हलवण्याचा हुकूम खोडून नक्कल करण्याचा लिहिला. पाच तास लागले. वहिनी मधून मधून येऊन विचारत होत्या, "सगळे आले का?" शेवटी त्यानं दोन्हीकडची मोजणी जुळवून आकडा सांगितला. तीन लाख चार हजार दोनशे अकरा.

वहिनी म्हणाल्या, "यात ह्यांचे किती?"

हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. कॅमेरा दादानं लावला, फोटो दादाचे, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. वहिनींना हवे होते ते दादा ज्यात आहे ते. पुतण्या म्हणाला, चेहरे ओळखणारे प्रोग्राम आहेत, पण गॅलरीतून खाली माणसाचा चेहरा दिसत नाही. टोपी दिसते, नाहीतर छत्री. मग एकेक उघडून पाहणं आलं. मी तिथंच कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला. एका फोटोला एक सेकंद दिला, तरी जेवणखाण, झोप सोडून सलग साडेतीन दिवस. आणि एका सेकंदात टोपी कुणाची ते कळणार? मला एकदम त्या 'यादी फार लांब आहे'चा अर्थ लागला. तो यंत्राचा नव्हता. यंत्रानं पंगती उठवून आपला प्रश्न सोडवला होता. आता यादी आमच्याकडे आली होती आणि तिच्यात नावांऐवजी नुसत्या वेळा होत्या.

वहिनी म्हणाल्या, "सहा पस्तीसचे काढ."

"कुठल्या दिवसाचे?"

"सगळ्या. ते दुधाला सहा दहाला जात आणि सहा पस्तीसला फाटकात असत. गर्दी असली तर सहा चाळीस."

आमच्या डोळ्यांदेखत तीन लाखांचे दोन हजारांच्या आसपास झाले. संगणकाला जे जमलं नाही, पुतण्याला जे सुचलं नाही, ते पंचेचाळीस वर्षांच्या संसारानं एका वाक्यात केलं. चांदणी पुतण्याचीच होती. फक्त तिच्या पुढं-मागं काय लिहायचं ते वहिनींना माहीत होतं.

त्यानंतर त्या रोज दुपारी चाळीस-पन्नास फोटो पाहतात. बहुतेकांत नुसतं फाटक असतं. पाच मिनिटांतून एकदा डोळा उघडणाऱ्या कॅमेऱ्यात माणूस सापडणं म्हणजे नशीबच. मधे २०२० चे टाळेबंदीचे महिने आले. तेव्हा गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, पण दादा पिशवी घेऊन फाटकात! तोंडाला पंचा बांधलेला. वहिनींनी तो मला फोन करून सांगितला. मग एक सापडला, त्यात दादा चौथ्या घरच्या ओट्यावर बसून चहा पितोय. "मला सांगायचे, भावोजी, दुधाची रांग फार होती म्हणून!" त्या हसत होत्या की कशा, फोनवर मला नीट कळलं नाही. पुराच्या आठवड्यात त्या थांबल्याच नाहीत. पाणी किती वाजता आलं, याची चौकशीसुद्धा केली नाही. ज्या एका फोटोसाठी दादानं हा सगळा खटाटोप केला, तो आम्ही कुणीही अजून शोधलेला नाही.

आता उरले तीन लाख दोन हजार. पुतण्याचं म्हणणं, ते पुसावेत. रिकामी गल्ली, काय ठेवायची? मीही त्याच मताचा आहे. जपून ठेवणं हा काही सद्गुणच आहे असं मी मानत नाही. आमच्या माळ्यावर १९८४ पासूनची वर्तमानपत्रं आहेत आणि त्यांनी घरातल्या एकाचंही भलं केलेलं नाही. पण 'पुसावेत' म्हणताना मी पुन्हा तोच शब्द वापरतो, हे मला दिसतं. 'बाकीचे सर्व'. बाकीचे कुणाच्या दृष्टीनं? वहिनींच्या. त्यांना सहा पस्तीस पाहिजे म्हणून पावणेसात बाकीचे झाले. आणि हेही म्हटलं पाहिजे की, गल्लीतल्या लोकांना दादानं कधी विचारलं नव्हतं की तुमचे फोटो घेऊ का. तीन वर्षं त्यांचं येणं-जाणं आमच्या कुटुंबाच्या डिस्कवर गोळा होत गेलं, आणि आता त्याचं काय करायचं तेही आम्हीच, चहा पिता पिता ठरवतोय. चांदणी काढून पुसण्याचा हुकूम दिला तर मुनीम पुन्हा इमानदारीनं तीन लाख नावं लिहील आणि पहारेकरी पुन्हा म्हणेल, यादी फार लांब आहे. मग पुतण्या पंगती बसवील. पंगती बसवल्यावर अडत काहीच नाही.

हे माझं चाललं होतं, तोवर तिकडे वहिनींनी समोरच्या घरी बातमी सांगून टाकली होती. पुराचा वाद घालणाऱ्या त्या शेजाऱ्यांच्या बायको दुसऱ्या दिवशी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा एखादा निघतो का, बघाल?" शेजारी २०२१ च्या मार्चात गेले, म्हणजे वर्षावर त्यांचंही येणं-जाणं आमच्याकडे आहे. वहिनींनी विचारलं, "वेळ?" त्या म्हणाल्या, "संध्याकाळी पावणेसात. दिवे लागले की ते कट्ट्यावर येऊन उभे राहायचे."

पुतण्यानं पुसण्याचा बेत पुढं ढकलला. वहिनींनी हिशेबाच्या त्याच कॅलेंडरच्या पाठीवर, माझ्या साडेतीन दिवसांच्या आकडेमोडीखाली, वेळा लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. कोपऱ्यावरच्या मुलीला तिची शाळेची रिक्षा पाहिजे, रिक्षावाल्या मामांसकट. सकाळी सात वीस. एका घराला तोडलेलं कडुलिंबाचं झाड पाहिजे. त्याला कोणतीही वेळ चालेल, पण पानगळीचा महिना नको. परवा मी गेलो तेव्हा सात नोंदी झाल्या होत्या. सातवी इस्त्रीवाल्याच्या कुत्र्याची. दुपारी दीड ते चार.